कोपऱ्यातल्या झाडाचा रस

सहासष्ट सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. बुधवार होता. भागाआत्या पदराखाली हुरड्याची टोपली झाकून आमच्या मागच्या दारी आली आणि मोसंबीच्या झाडाखाली वाकळ शिवत बसलेल्या आईला म्हणाली, “इंदे, ऊठ. गरम आहे तोवर खाऊन घे. लसणाची चटणीपण आणलीय.”

“नको वन्सं. मला चालत नाही.”

“का गं? परवा सोमवार झाला, काल अंगारकी झाली. बुधवारी कुठल्या देवाचा उपास?”

“उपास नाही,” आई सुईत दोरा ओवत म्हणाली. “उपोषण.”

आत्याने टोपली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, माझाही हात थांबला.

“कधीपासनं?”

“रविवारी रात्री जेवले, त्यानंतर नाही.”

“आणि या घरात कुणाला पत्ता नाही?”

“सोमवारी त्यांना वाटलं सोमवार आहे. काल वाटलं चतुर्थी आहे. आज काय वाटतंय ते बघू.”

खरं सांगायचं तर आज कुणाला काहीच वाटलं नव्हतं. सकाळी आईने सगळ्यांच्या भाकरी थापल्या होत्या, वांग्याची भाजी केली होती, तात्यांना वाढलं होतं, मला वाढलं होतं. आई नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. म्हणजे जेवत असणार असं आम्ही धरून चालायचो. आमच्यासारख्या घरात बाईने उपोषण करायचं म्हणजे ते आधी लोकांना कळायलाच दोन दिवस लागतात.

“आणि सैपाक कशाला केलास मग?” आत्याने विचारलं.

“संप नाही हो वन्सं. उपोषण आहे.”

आत्या मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बया, बया! अख्ख्या तालुक्याची उपोषणं सोडवणारा माझा भाऊ, आणि त्याच्याच मागच्या दारी...”

हसण्यासारखंच होतं ते. आमचे वडील, तात्या, आधी शाळेत हेडमास्तर होते, मग लोकांनी त्यांना पंचायतीवर निवडून दिलं. प्रवरेच्या कालव्याकाठचं आमचं गाव तेव्हा गाव राहिलं नव्हतं आणि शहरही झालं नव्हतं. कुणाला पाण्याची पाळी हवी, कुणाला टपालपेटी हवी, कुणाची बदली रद्द व्हायला हवी. मग स्टँडसमोर मांडव पडायचा, सतरंजी अंथरली जायची, हार घालून माणूस बसायचा. आणि तो बसला की लोक तात्यांना बोलवायला यायचे. तात्यांची पद्धत ठरलेली होती. डोक्यावर टोपी घालायची, मांडवात जाऊन उपोषणवाल्यासमोर जमिनीवर बसायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा, “आपली मागणी काय?” ती मागणी वेशीवरच्या पाटीवर लिहिलेली असली तरी विचारायचं. सगळं ऐकून घ्यायचं. “आधी कान, मग रस,” असं ते म्हणायचे.

रस आमच्या घरचा. घरामागे आईची सात मोसंबीची झाडं होती. तिच्या भावाने लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बैलगाडीतून कलमं आणून दिली होती. आईने ती वाढवली, पाणी दिलं, बहार धरला, खोडांना चुना लावला. आणि मी मॅट्रिक होऊन घरी बसल्यापासून तात्यांच्या मागे पिशवी घेऊन जायचं काम माझं. पिशवीत मोसंबी, सुरी, काचेचं पिळायचं भांडं, पंच्याचा धुतलेला तुकडा आणि स्टीलचा पेला. घरून रस काढून नेला तर चालत नाही. मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा, ठेवला की कडू होतो. एकदा तात्यांचं भाषण लांबलं, उपोषणाला बसलेल्या मास्तरांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून पेला खाली ठेवला. लोकांना वाटलं, तडजोड फिसकटली. पुन्हा घोषणा सुरू झाल्या. तेव्हापासून तात्यांनी बोलणं संपवून मान हलवली की मगच मी सुरी हातात घ्यायची, असं ठरलं.

रस काढायचा कसा, ते आईने शिकवलं होतं. फळ आडवं कापायचं. बिया टोकाने काढून टाकायच्या. भांड्याच्या उंचवट्यावर ठेवून हलक्या हाताने फिरवायचं, थेंब न् थेंब काढायची हाव धरायची नाही. “शेवटच्या थेंबात कडूपणा असतो,” आई म्हणायची. “लोभ केला की साल उतरते.” मग गाळायचं, चिमूटभर सैंधव, साखर नाही.

त्या सात झाडांवरच संकट आलं होतं. तात्यांकडे येणाऱ्यांची गर्दी वाढली होती. ओसरी पुरत नव्हती. गेल्या आठवड्यात जेवताना तात्या म्हणाले होते, “मागची झाडं काढून तिथं बैठकीची खोली बांधतोय. गुरुवारी इस्माईल माणसं घेऊन येतोय कुऱ्हाडी चालवायला.” आणि पुढे, “जरा भाजी वाढ.”

आईने भाजी वाढली. बाकी काही बोलली नाही. तात्यांना तो होकार वाटला. मलासुद्धा.

आत्याने जाऊन ओसरीवरून तात्यांना हाताला धरून आणलं. तात्या झाडाखाली आले तेव्हा त्यांच्या एका हातात वर्तमानपत्र होतं आणि चष्मा कपाळावर होता.

“हे काय ऐकतोय मी?”

आईने वाकळीचा टाका घातला.

“अगं, गावात कळलं तर काय म्हणतील?”

“कळलं,” आत्या म्हणाली. “मी येताना शिंपिणीला सांगितलं.”

“तू आत्ता कुठं गेली होतीस?”

“तुला बोलवायला आले ना, तेव्हा कुंपणावरनं.”

तात्यांनी चष्मा नाकावर घेतला, पुन्हा कपाळावर सरकवला. त्यांना कुंपणापलीकडची दोन डोकी दिसली असावीत. ते एकदम मांडवातल्या आवाजात बोलायला लागले. “मालन! रस काढ.”

मी आत पळाले. टोपलीत शेवटची मोसंबी उरली होती. बहार संपत आला होता, झाडांवरही वरच्या फांद्यांना तुरळक फळं होती. मी दोन कापली, पिळली, गाळली, पेला घेऊन आले. तात्यांनी पेला हातात घेतला आणि त्यांची सवय उफाळून आली. बोलायला लागले.

“हे बघ, झाडं म्हणजे काय, झाडं आपल्याला प्रियच आहेत. पण लोकांचं काम मोठं का चार फळं मोठी? मी तुला मळ्यात पन्नास झाडं लावून देतो. विहिरीशेजारी. पाणीसुद्धा ओढावं लागणार नाही. आणि तुझंही वय झालं आता, किती दिवस बादल्या ओढणार...”

“वय माझं?” आई म्हणाली. “तुम्ही माझ्याहून दहा वर्षांनी मोठे.”

कुंपणापलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. तात्या बोलत राहिले. मळ्याचं झालं, मग खोलीचं झालं, मग गावच्या भवितव्याचं झालं. मी पेल्याकडे बघत होते. शेवटी ते थांबले आणि पेला पुढे केला, “घे.”

आईने पेला नाकाशी नेला आणि परत दिला. “कडू झाला असणार.”

आत्याने मधेच पेला घेऊन घोट घेतला. “झालाय.” आणि उरलेला झाडाच्या आळ्यात ओतून दिला.

“मालन, दुसरा काढ!”

मी दुसरा काढला. टोपलीत एवढीच होती. या वेळी तात्यांनी भाषण आवरतं घेतलं. त्यांनी दीर्घ श्वास सोडला, कुंपणाकडे एक नजर टाकली आणि मोठ्या मनाचा माणूस जसा बोलतो तसं म्हणाले, “बरं. नाही काढत झाडं. खोलीचं पुढं बघू. झालं समाधान?”

माझ्या जिवात जीव आला. आत्याने टाळी वाजवली. आईने मात्र सुई वाकळीत टोचून ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“हे आश्वासन का?”

“आश्वासनच समज.”

“मागच्या महिन्यात त्या पाणीवाल्यांना आश्वासन देऊन आलात आणि घरी येऊन हात धुताना काय म्हणालात?”

तात्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला.

“म्हणालात, आश्वासन ताकासारखं असतं, पाणी घालावं तेवढं वाढतं.”

“ते मी गमतीनं...”

“मी ताक घुसळणारी बाई आहे. मला कळतं त्यात किती पाणी असतं.”

या वेळी कुंपणापलीकडचं हसणं दाबलेलं नव्हतं. नेमका तेवढ्यात इस्माईल गवंडी मागच्या फाटकातून आत आला. मोजायची पट्टी खांद्यावर, कानावर पेन्सिल. “सलाम तात्या. उद्या सकाळी चार माणसं पुरतील ना? का सहा आणू? खोडं जाड आहेत.”

इस्माईलने आईकडे पाहिलं, रसाच्या पेल्याकडे पाहिलं, कुंपणावरच्या बायकांकडे पाहिलं. त्याने हळूच पट्टी खाली ठेवली आणि फाटकाशीच उकिडवा बसला. “मी थांबतो,” म्हणाला. “तुमचं आधी होऊ द्या.”

दुसरा पेलाही तोवर कडू होऊन गेलाच होता.

तात्या आता रागावले. मांडवात ते कधी रागवायचे नाहीत, घरी मात्र रागवायचे. “अगं मग तुला हवंय तरी काय? झाडं हवीत, तर झाडं ठेवतो म्हटलं. विश्वास नाही, तर लिहून देतो. पन्नास नवी लावतो म्हटलं. आता काय राहिलं? मी काय करू म्हणजे तू तोंडात घोट घेशील, सांग ना!”

“आता ओरडतोयस कशाला?” आत्या म्हणाली. ती तात्यांपेक्षा आठ वर्षांनी मोठी. तात्यांना ओरडणारी गावात ती एकटीच. “तिंबक, तू मांडवात गेल्यावर काय करतोस रे पहिलं?”

“काय करतो?”

“मला काय विचारतोस? मालनला विचार. ती असते तुझ्याबरोबर.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची भीती वाटायची, पण कुंपणावर शिंपीण होती, फाटकात इस्माईल होता आणि आईच्या ओठांचा रंग उतरलेला होता. मी म्हटलं, “तात्या, तुम्ही आधी टोपी घालता. मग खाली बसता. मग विचारता.”

मला वाटलं, आता माझी खैर नाही. तात्या आत गेले. आम्हाला वाटलं, रागाने गेले. पण ते परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती, पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची, स्टँडवर जाताना घालायची ती. ते आईसमोर मातीत मांडी घालून बसले. वाकळीच्या एका टोकावर त्यांचा गुडघा आला तर त्यांनी तो मागे घेतला. आणि अगदी मांडवातल्यासारखं, हलक्या आवाजात, म्हणाले,

“आपली मागणी काय?”

आईने मान खाली घातली. मग आईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “काही नाही.”

“काही नाही?”

“विचारलंत ना? झालं. आणा आता रस.”

मी उठले. “आई, टोपलीत नाहीत. वरच्या फांदीची काढून आणते.”

“तू बस,” आई म्हणाली. “ज्यानं सोडवायचं त्यानं काढावा.”

तात्या उठले. टोपी घातलेलीच होती. सात झाडांमधून ते असे फिरले जसा माणूस परगावच्या बाजारात फिरतो. ज्या झाडांचा रस पाजून त्यांनी तालुक्यात नाव केलं होतं, त्यातल्या एकाही झाडाशी त्यांची ओळख नव्हती. पहिल्या झाडाचं फळ उंच होतं. दुसऱ्यावर नव्हतंच. मग त्यांना कोपऱ्यातलं झाड दिसलं. ते फळांनी लगडलेलं होतं. मोठी मोठी, खरबरीत सालीची, पिवळीधमक फळं, हाताला येतील अशी.

“ही बघ! आणि म्हणे बहार संपला,” तात्या खूश होऊन म्हणाले आणि चार तोडली.

मी तोंड उघडलं. आईने माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी वाढली असती.

आत्यानेही पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला.

तात्यांनी ओट्यावर बसून रस काढला. फळ उभं कापलं. बियांचा ढीग भांड्यात पडला. मग त्यांनी खांद्यातून जोर लावून, दात खाऊन, फळ असं पिळलं की सालीचा फवारा त्यांच्याच डोळ्यात गेला. एक डोळा मिटून त्यांनी दुसरं पिळलं. गाळायचं राहिलंच. टोपी कपाळावर घसरली होती, धोतरावर शिंतोडे होते. पण पेला दोन्ही हातांनी धरून, शिकवल्यासारखा, आईसमोर धरला.

आई प्यायली. सगळा पेला नाही, अर्धा. न थांबता. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. कुंपणावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. इस्माईल उठून उभा राहिला.

“कसा झालाय?” तात्यांनी विचारलं.

“तुम्हीच बघा की.”

तात्यांनी उरलेला अर्धा एका घोटात घेतला. मग त्यांचं तोंड जे झालं, ते मी आजही सांगू शकत नाही. आधी डोळे गेले, मग गाल आत गेले, मग मान खांद्यात गेली. “अगं... हे काय आहे?”

“जंबेरी.”

“म्हणजे?”

“मोसंबीचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. या झाडाचं कलम मेलं आणि खालचा खुंट वर आला. चार वर्षं झाली. नुसतं आंबट-कडू. लोणच्याशिवाय कशाला चालत नाही.” आईने पेला उपडा घातला. “ते झाड काढा.”

“काय?”

“ते कोपऱ्यातलं काढा. तिथनं भिंतीला लागून खोली येते. लांबी एक लुगडं आणि वर दोन हात, रुंदी अर्धं लुगडं. मी माझं नऊवारी धरून मोजलंय. बाकीच्या सहांना धक्का लागत नाही.”

इस्माईलने पट्टी उचलली, कोपऱ्यात गेला, वाकून, सरकून मोजलं. कानावरची पेन्सिल काढून तळहातावर आकडे मांडले. “बसते तात्या,” तो तिथूनच ओरडला. “चांगली बसते. वर एक खिडकी पण निघेल झाडांकडं.”

तात्या मातीत तसेच बसून होते. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. “अगं, मग हे आधी नाही का सांगायचं? आठ दिवस झाले! उपाशी कशाला राहिलीस?”

आई वाकळ झटकत उठली. उठताना तोल गेला तेव्हा तात्यांनीच तिचा दंड धरला.

“विचारलंत कुठं?” ती म्हणाली. आणि मग आत्याकडे वळून, “वन्सं, हुरडा गरम आहे का अजून?”

नव्हता. तसाच खाल्ला आम्ही सगळ्यांनी, झाडाखाली बसून. इस्माईलनेसुद्धा. आईला आत्याने आधी गूळपाणी दिलं, मग भात-वरण, मग कुठे मूठभर हुरडा. जंबेरी पोटात जळत होती, ते ती रात्रीपर्यंत कुणाला बोलली नाही.

खोली झाली. खिडकीसह. इस्माईलने ती इतकी चांगली बांधली की पुढे त्याला बाजारपेठेतली निम्मी दुकानं बांधायला मिळाली. त्याचा मुलगा आता नाशिकला मोठा कंत्राटदार आहे. भेटला की मला ‘मालनआपा’ म्हणतो आणि खिडकीची गोष्ट सांगायला लावतो.

भागाआत्या त्र्याऐंशी साली गेली. शेवटपर्यंत गावात कुणाकडे पाव्हणी गेली की, “आमच्या इंदूनं नवऱ्याला जंबेरी पाजली,” एवढं सांगितल्याशिवाय चहाला हात लावायची नाही.

खोली झाली त्याच वर्षी मी लग्न होऊन संगमनेरला गेले. मला मुलगा दाखवायच्या आधी तात्यांनी बैठकीच्या खोलीत बोलावून विचारलं होतं, तुझं म्हणणं काय. मी म्हटलं, आधी मुलगा बघू द्या. ते काचेचं भांडं आईने माझ्या रुखवतात दिलं. त्याची एक कड उडालीय, पण अजून चालतं. घरात मिक्सर आहे, सून त्यात रस काढते, बियांसकट फिरवते, आणि मी काही बोलत नाही.

सहा झाडं वीसेक वर्षं टिकली. मग डिंक्या रोगाने एकेक करून वाळली. गावात तोवर मोसंबी कमी आणि ऊस जास्त झाला होता.

तात्यांनी त्यानंतरही पुष्कळ उपोषणं सोडवली. नव्वद साली त्यांना अर्धांगवायू झाला. दोन-तीन दिवस ते कुणाच्या हातचं काही घेईनात. मी गेले होते. डोळे मिटून पडलेले असायचे, चमचा जवळ नेला की मान वळवायचे. एके सकाळी आई पेला घेऊन आली. उरलेल्या दोन झाडांतल्या एकाचा रस. तिने त्यांच्या उशाशी बसून, पदर सावरून, मोठ्याने विचारलं,

“आपली मागणी काय?”

तात्यांचा डावा डोळा उघडला. तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हते, पण आम्हा दोघींना कळले. “कोणत्या झाडाचा?”

“कोपऱ्यातल्या,” आई म्हणाली.

तात्या हसले. ओठाचं एकच टोक हललं, पण हसले. आणि मग सगळा पेला, शेवटच्या थेंबापर्यंत, आईच्या हातून प्यायले.